बर्फातली सायकल आणि डनलॉपची हवा

सायकल घेऊन कधी थळला गेलायत? मांडव्याला रो-रोतून उतरायचं, चोंढीवरून किहीम मागे टाकायचं, की पुढे थळ. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी दिसतात. ओहोटी असेल तर पाण्यालगतची ओली वाळू इतकी घट्ट असते की सायकल डांबरी रस्त्यासारखी पळते. पण तिथून दहा-पंधरा पावलं वर, सुक्या पुळणीत या. पुढचं चाक रुततं, हँडल आपोआप वळतं आणि तुम्ही पाय टेकवता. गिअर कितीही बदला, काही फरक पडत नाही.

आता हीच सायकल घेऊन तुम्ही जानेवारीत हिमाचलात काझाला गेलात आणि रात्रभर पडलेल्या ताज्या बर्फात उतरलात, तर अगदी हेच होईल. चाकाच्या दृष्टीने सुकी वाळू आणि ताजा बर्फ सख्खे भाऊ आहेत. दोन्ही मऊ, दोन्ही भार आला की खचणारे. म्हणून थळला कधी बर्फ पडणार नसला, तरी बर्फात सायकल चालवायची अर्धी शिकवणी इथल्या पुळणीवर फुकटात होते.

यावरचा उपाय एका वाक्यात सांगता येतो: टायर जाड लावा आणि त्यातली हवा कमी करा. पण चाकात हवा भरायची ही कल्पना आली कुठून? ती ज्याच्या नावावर ओळखली जाते त्या माणसाला आपण सगळे नावाने ओळखतो. कित्येक घरांत अजून डनलॉपची गादी असते. तो डनलॉप म्हणजे जॉन बॉइड डनलॉप. गादीशी त्याचा काही संबंध नव्हता, ती त्याच्या नावाच्या कंपनीने तो गेल्यावर बाजारात आणली. त्याची खरी गोष्ट चाकाची आहे, आणि त्या गोष्टीत त्याला स्वतःला काय मिळालं हा भाग थोडा जिव्हारी लागणारा आहे.

जनावरांचा डॉक्टर

डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावातला. घरची शेती. तो दोन महिने आधीच जन्मला, त्यामुळे हे पोर नाजूक आहे असं लहानपणापासून त्याच्या कानावर पडत आलं, आणि तो आयुष्यभर स्वतःला जपतच राहिला. गंमत म्हणजे एवढं जपलेलं शरीर ८१ वर्षं टिकलं आणि शेवटच्या आजारापर्यंत त्याला फार मोठं दुखणं झालंच नाही.

एडिंबरोमध्ये तो जनावरांचा डॉक्टर झाला. काही वर्षं स्कॉटलंडमध्ये काम करून १८६७ मध्ये आयर्लंडला गेला. आधी डाउनपॅट्रिक, मग बेलफास्ट. बेलफास्टमध्ये त्याचा दवाखाना चांगलाच चालला. त्या काळात शहराची सगळी वाहतूक घोड्यांवर होती हे लक्षात घ्या. आज तुमच्या गावात चांगल्या मेकॅनिकला जे महत्त्व आहे, ते तेव्हा घोड्यांच्या डॉक्टरला होतं. म्हणजे डनलॉप काही गॅरेजमध्ये बसून स्वप्नं बघणारा गरीब संशोधक नव्हता. वय ४७, हाताखाली माणसं, नियमित कमाई, बायको आणि दोन मुलं. शोध लावायची त्याला गरज नव्हती.

गरज होती त्याच्या शाळकरी मुलाला. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती आणि तिच्या चाकांना भरीव रबर लावलेलं होतं. बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे. मुलगा त्यावरून सायकल चालवायचा तेव्हा प्रत्येक दगड त्याच्या हाडांपर्यंत पोचायचा. वेगही येत नव्हता.

अंगणातली दोन चाकं

ऑक्टोबर १८८७. डनलॉपने रबराच्या पातळ पत्र्यापासून एक नळी तयार केली, ती लाकडाच्या गोल चकतीभोवती बसवली, वरून कापडाची पट्टी गुंडाळली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग मुलाच्या सायकलचं भरीव रबराचं चाक काढलं. दोन्ही चाकं आळीपाळीने अंगणातून घरंगळत सोडली.

भरीव चाक थोडं पुढे जाऊन आडवं पडलं. हवेचं चाक अंगण ओलांडून गेलं, फाटकाच्या खांबाला आदळलं आणि उसळून मागे आलं.

झालं, एवढाच प्रयोग. ना प्रयोगशाळा, ना महागडं यंत्र. पण हे झालं कसं ते नीट समजून घ्या, कारण बर्फातली सायकल याच एका गोष्टीवर चालते.

भरीव चाकाखाली खडा आला की अख्खं चाक, आणि त्याबरोबर सायकल आणि बसलेला माणूस, खड्याच्या उंचीइतका वर उचलला जातो आणि परत खाली आदळतो. दर वेळी थोडी ताकद वाया. हवेच्या चाकाखाली खडा आला की टायर फक्त तेवढ्या जागी आत दबतं, खडा गिळतं आणि पुढे गेल्यावर पुन्हा फुगतं. दबताना घेतलेली बरीचशी ताकद फुगताना परत मिळते. माणूस जागच्या जागी, चाक पुढे.

हे झालं कडक जमिनीचं. मऊ जमिनीवर याच्या उलट बाजूने तोच फायदा मिळतो. तिथे खडा चाकात घुसत नाही, चाक जमिनीत घुसतं. मग चाकाच्या पुढे सतत एक छोटा चढ तयार होतो आणि तुम्ही सपाट जागेवरही तो चढ चढत राहता. चाक जितकं खोल, चढ तितका उभा. म्हणून थळच्या सुक्या वाळूत मांड्या भरून येतात.

चाक रुतू नये तर त्याखालची जागा वाढवली पाहिजे. आणि इथे हवेचं एक सोपं गणित आहे. टायरमधली हवा मोजायचं माप पीएसआय, म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड भार. तुम्ही आणि सायकल मिळून ९० किलो धरा, म्हणजे साधारण २०० पौंड. टायरमध्ये ४० पीएसआय हवा असेल तर २०० भागिले ४०, म्हणजे दोन्ही चाकं मिळून जेमतेम ५ चौरस इंच जमिनीला टेकतात. प्रत्येक चाकाखाली तुमच्या एटीएम कार्डाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जागा! आता हवा ८ पीएसआयवर आणा. तेच २०० पौंड आता २५ चौरस इंचांवर पसरतात. प्रत्येक चाकाखाली मोठ्या स्क्रीनच्या मोबाईलचा दोन तृतीयांश भाग मावेल इतकी जागा. (टायरच्या कापडाचा कडकपणा थोडा भार स्वतः उचलतो, त्यामुळे प्रत्यक्षात जागा जराशी कमी भरते. पण हिशोब हाच.)

मग नेहमीच्या टायरमध्येच ८ पीएसआय का ठेवू नये? कारण टायर बारीक असेल तर तो पूर्ण चपटा होतो, रिम जमिनीला लागते, मध्ये ट्यूब चिमटते आणि तिला दोन भोकं पडतात. कमी हवेत भार झेलायचा तर टायर मोठा हवा. जाड टायर आणि कमी हवा ही जोडी फुटत नाही ती यामुळे.

डनलॉपच्या डोक्यात तेव्हा बर्फ नव्हता हे उघड आहे. त्याला पोराच्या पाठीला बसणारे दणके कमी करायचे होते. त्याने तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेचे टायर लावून दिले. ते जमल्यावर मोठ्या सायकलींवर प्रयोग केले आणि १८८८ मध्ये पेटंट मिळवलं.

आधी हसले, मग हरले

नवीन टायर दिसायला विचित्र होते. त्या काळच्या सायकलींची चाकं सुतासारखी बारीक, आणि हे फुगलेले जाडजूड. लोकांनी थट्टा केली. आज फॅटबाईक घेऊन रस्त्यावर निघालात तर पोरं बुलेटचे टायर लावलेत का म्हणून विचारतात, त्यातलाच प्रकार.

१८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर शर्यती होत्या. विली ह्यूम नावाचा स्थानिक सायकलस्वार डनलॉपचे टायर लावलेली सायकल घेऊन उतरला. हा ह्यूम काही गाजलेला शर्यतपटू नव्हता. त्या दिवशी त्याने चारही शर्यती जिंकल्या. पुढे लिव्हरपूलला जाऊन एक सोडून बाकी सगळ्या जिंकल्या. मैदानावर गवत होतं, म्हणजे जमीन थोडी मऊच. माझ्या मते जाड टायरने मऊ जमिनीवर बारीक टायरला हरवल्याचा हा पहिला जाहीर पुरावा, आणि फॅटबाईकवाल्यांनी वाढदिवस साजरा करायचा असेल तर हाच दिवस धरावा.

हरलेल्यांत हार्वी द्यू क्रो नावाच्या माणसाची मुलं होती. द्यू क्रो डब्लिनचा व्यावसायिक आणि आयर्लंडच्या सायकलस्वार संघटनेचा अध्यक्ष. पोरं हरली म्हणून तो चिडून बसला नाही, टायरमागे लागला. त्याच वर्षी डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली. डनलॉपने आपलं पेटंट कंपनीला दिलं आणि बदल्यात १,५०० शेअर घेतले. डॉक्टरकी मागे पडली.

पेटंट गेलं

आणि मग सरकारी खात्याकडून डनलॉपला कळवण्यात आलं की त्याचं पेटंट ग्राह्य नाही. कारण हवेचं चाक आधीच एकाने नोंदवून ठेवलं होतं, तेही डनलॉप पाच वर्षांचा असताना!

तो माणूस म्हणजे रॉबर्ट विल्यम थॉमसन. तोही स्कॉटिश. १८४५ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, त्याने हवा भरलेल्या चाकाचं ब्रिटिश पेटंट घेतलं, नंतर फ्रान्स आणि अमेरिकेतही घेतलं. रबर चढवलेल्या कापडाची नळी आणि बाहेरून चामड्याचं आवरण अशी त्याची रचना होती. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला हे टायर लावून चाचण्या झाल्या. गाडी ओढायला लागणारी ताकद कमी झाली, आवाज जवळपास गेला. टायरचा एक संच तर सुमारे १,२०० मैल चालला.

मग हे अडलं कुठे? काळ चुकला. त्याच्या पेटंटच्या एकच वर्ष आधी, १८४४ मध्ये, चार्ल्स गुडइयरने रबर गंधकासह तापवून टिकाऊ करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. त्याआधीचं कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत लाकडासारखं कडक. नवीन रबर चांगलं होतं पण महाग. घोडागाडीवाल्याला एवढा खर्च परवडेना, आणि स्वतःच्या पायांनी चाक फिरवणाऱ्याला परवडला असता तर सायकल अजून यायची होती. थॉमसन दुसऱ्या कामांकडे वळला, भरीव रबराची चाकं लावलेली वाफेची गाडी केली (त्यातल्या काही पुढे भारतातही आल्या), आणि १८७३ मध्ये वारला. डनलॉपच्या अंगणातला प्रयोग त्यानंतर १४ वर्षांनी.

डनलॉपला थॉमसनबद्दल माहिती नव्हती. त्याने नक्कल केली नव्हती. पण पेटंटचा कायदा माहिती होती का असं विचारत नाही, आधी कुणी केलं एवढंच विचारतो. डनलॉपचं नशीब असं की थॉमसनला जे मिळालं नाही ते त्याला आयतं मिळालं: १८८५ मध्ये स्टार्लीची रोव्हर आली होती, म्हणजे दोन सारखी चाकं, चेन आणि मधे बसायची जागा असलेली आपल्या ओळखीची सायकल. तिला फक्त दणके खाणारं चाक कमी होतं. शोध डनलॉपचा नसेल, पण तो रस्त्यावर आणला त्याने, हे मला तरी न्याय्य वाटतं. ज्याचं चाक पहिलं, त्याचं नाव टायरवर नाही. ज्याचं नाव टायरवर, त्याचं पेटंट टिकलं नाही.

कंपनी मात्र टिकली, कारण द्यू क्रो हुशार होता. त्याने इतर छोटी छोटी पेटंट विकत घेतली. डनलॉपचा मूळ टायर रिमला कापडाने गुंडाळून चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं तर सगळं सोडवायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा चिकटवून वाळू द्यायचं. १८९० मध्ये वेल्चने कडेला तार असलेला आणि बार्टलेटने रिमच्या कडेत अडकणारा टायर काढला. तिकडे फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये चटकन काढता येणारा टायर आणला, आणि त्याच वर्षी शार्ल तेराँने तो लावून पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही लांब शर्यत जिंकली. आज तुम्ही दोन टायर लिव्हर घेऊन रस्त्याच्या कडेला पंधरा मिनिटांत ट्यूब बदलता ते या लोकांमुळे.

याच काळातली अजून एक वस्तू तुमच्या घरात असेल. साध्या सायकलच्या ट्यूबला जो व्हॉल्व्ह असतो, ज्यात पातळ रबरी नळी सरकवावी लागते, तो १८९१ चा वुड्स व्हॉल्व्ह. बऱ्याच देशांत त्यालाही डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात. म्हणजे इथेही काम एकाचं, नाव डनलॉपचं. बर्फात जायचं तर हा व्हॉल्व्ह उपयोगाचा नाही, कारण त्यातून आतली हवा नेमकी किती हे मोजता येत नाही. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह किंवा बारीक पितळी प्रेस्टा व्हॉल्व्ह असलेली ट्यूब घ्या.

डनलॉप १८९५ मध्ये कंपनीतून बाजूला झाला. पुढच्याच वर्षी ती तीस लाख पौंडांना विकली गेली, आणि विकत घेणाऱ्याने ती पुन्हा बाजारात पन्नास लाखांना आणली. खरी लूट या व्यवहारात झाली, आणि तेव्हा डनलॉप तिथे नव्हता. तो काही रस्त्यावर आला नाही, डब्लिनमध्ये कापड व्यवसायात भाग घेऊन नीट राहिला. पण जगभरच्या चाकांवर ज्याचं नाव, त्याच्या घरात त्या चाकांची दौलत आली नाही.

२३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये सर्दीचं निमित्त होऊन तो गेला. टायरच्या इतिहासावर त्याने लिहून ठेवलेलं पुस्तक त्याच्या मागे छापलं गेलं.

तो गेल्यावर दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९२३ मध्ये, मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. इराण-इराकची वाळवंटं ओलांडत, देशामागून देश करत मार्च १९२८ मध्ये त्यातले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, मुंबईत परतले. साधारण ७१,००० किलोमीटर. ना जीपीएस, ना गिअर, ना जाड टायर. थळच्या वाळूत शंभर मीटरवर दमल्यावर हा आकडा आठवून बघा.

वाळू आणि बर्फ भेटले

शंभरेक वर्षं शर्यतीच्या सायकलचे टायर बारीक आणि कडक होत गेले. मग १९८० च्या दशकात दोन वेगळ्या टोकांना माणसं एकाच प्रश्नाशी झगडत होती. अलास्कात १९८७ पासून कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या वाटेवर सायकल शर्यत सुरू झाली होती, आणि तिथले लोक रुंद रिमा बनवत होते. कुणी तर दोन रिमा शेजारी शेजारी जोडल्या. तिकडे न्यू मेक्सिकोत रे मोलिना नावाचा माणूस वाळूच्या टेकड्यांवर फिरण्यासाठी रुंद रिमा आणि साडेतीन इंची टायर तयार करत होता. पुढे वाळूवाले आणि बर्फवाले एकमेकांना भेटले, आणि त्यातून आजची फॅटबाईक आली. २००५ मध्ये सर्ली कंपनीने पग्सली ही सायकल आणली, तेव्हा ती दुकानात मिळायला लागली. म्हणजे थळची पुळण आणि काझाचा बर्फ हे भाऊ आहेत असं मी वर म्हटलं ते उगाच नाही.

मग तुम्ही काय करायचं?

फॅटबाईकचा टायर साधारण पावणेचार इंच किंवा जास्त रुंद असतो. नेहमीच्या माउंटन बाईकचा दोन ते अडीच इंच. फ्रेममध्ये बसणारच नाही असा टायर दुकानदार गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, आधी काट्यातली आणि मागच्या दांड्यांमधली जागा मोजा. चिखल आणि बर्फ अडकतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा लागते.

फॅटबाईकमध्ये दाबलेल्या बर्फावर ८ ते १० पीएसआय, ताज्या मऊ बर्फावर ५ च्या आसपास. साधी माउंटन बाईक असेल तर सगळ्यात रुंद टायर लावा, १५-१८ वर या, आणि फक्त दाबलेल्या वाटेवरच चालवा. गुडघाभर ताज्या बर्फात ती चालणार नाही, हे स्वीकारा आणि ढकला. काचेसारखा कडक बर्फ असेल तर रुंदीचा उपयोगच नाही. तिथे खिळे असलेला टायर लागतो, रबरात बारीक कार्बाइडचे दाणे बसवलेला. दोन्ही घेणं परवडत नसेल तर किमान पुढच्या चाकाला तरी खिळ्यांचा लावा. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की तोंडावर.

इथे मोबाईलवाल्यांसाठी एक गंमत. आपल्या घरातला पहिला मोबाईल बहुतेक नोकियाचा. त्या नोकियाच्या घराण्यात फिनलंडची जुनी रबर कंपनी होती, ती गमबूट आणि सायकलचे टायरही बनवायची. टायरचा भाग १९८८ मध्ये नोकियन नावाने वेगळा झाला, आणि बर्फातल्या टायरसाठी तो आजही नावाजलेला आहे.

आता हवेचं शेवटचं गणित, जे बहुतेक लोक विसरतात. मोजमाप यंत्र टायरमधली हवा बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाखवतं. थळ समुद्रसपाटीला आहे, बाहेरचा दाब १४.७ पीएसआय. काझा सुमारे ३,६५० मीटरवर, तिथे तो ९.४ च्या आसपास. समजा तुम्ही थळला ३० अंशांत १० पीएसआय भरून सायकल गाडीवर टाकली. काझाला उणे १० अंशांत मोजलीत तर थंडीने हवा आकसलेली असूनही यंत्र साधारण १२ दाखवेल, कारण बाहेरचा दाब खूप उतरला. टायर कडक, आणि तुम्हाला वाटतं हवा तर घरूनच बरोबर भरली होती! त्याच्या उलट, काझाच्या ऊबदार खोलीत १५ अंशांत ८ भरलीत आणि बाहेर उणे १५ मध्ये निघालात, तर थोड्याच वेळात ती ६ च्या जवळ येते. म्हणून हवा घरी भरायची नाही, खोलीतही नाही. सायकल बाहेर ठेवा, गार होऊ द्या, मग मोजा. यंत्र कमी दाब मोजणारं, ० ते ३० पीएसआयचं घ्या. पेट्रोल पंपावरच्या यंत्राला ५ आणि ७ मधला फरक कळत नाही.

चालवताना हलका गिअर, पायडल सारखं एका लयीत, वजन थोडं मागे, आणि पुढचा ब्रेक अगदी हळू. उभं राहून जोर काढू नका, मागचं चाक जागच्या जागी फिरतं. क्लीटचे बूट नकोत, साधे रुंद पायडल बरे, कारण पाय सारखा टेकवावा लागतो. हातमोज्यांवर पैसे वाचवू नका, बोटं बधिर झाली की ब्रेक दाबता येत नाही. मोबाईल हँडलवर लावून नकाशा बघायची सवय असेल तर बर्फात ती सोडा. लिथियम बॅटरी थंडीत मार खाते, ४० टक्के दाखवता दाखवता फोन बंद पडतो. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा, आणि तो बर्फासारखा गार झालेला असताना पॉवर बँकला लावू नका. शून्याखाली चार्ज केल्याने बॅटरी कायमची बिघडू शकते. आधी ऊब येऊ द्या.

या सगळ्याचा सराव थळला करा. भरती-ओहोटीची वेळ बघून जा, ओहोटीला रुंद जागा मिळते. आधी ओल्या वाळूवर १५, मग वर सुक्या वाळूत १०, मग ८, असं दोन-दोन पीएसआय कमी करत बघा, कुठल्या आकड्यावर चाक रुतायचं थांबतं ते. तो तुमच्या वजनाचा आणि तुमच्या टायरचा आकडा, लिहून ठेवा. कोळीवाड्याच्या बाजूला होड्या, दोर, जाळी असतात, तिकडे चाक घालू नका. आणि घरी आल्या आल्या सायकल गोड्या पाण्याने धुवा, चेन पुसून तेल द्या. बर्फ चेनचं फारसं वाकडं करत नाही, खारी वाळू मात्र आठवड्याभरात गंजवते.